बारा नंबरच्या चौघी

त्या बंद पडलेल्या इस्पितळाच्या मागच्या आवारात बारा नंबरचे दगड होते चार. एक नाही, दोन नाही, चार. कुणी म्हणे, बारा नंबरच्या खाटेवरची बाई मेली, तिला मागं पुरलं, तर ती उठून परत खाटेवर येऊन निजली. मग परत मेली, परत पुरली. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा उठली तेव्हा डॉक्टरच पळाले आणि इस्पितळाला कुलूप लागलं. सांगणारे इतक्या खात्रीनं सांगत, जणू दर वेळी तिला उठवायला हेच गेले होते.

टाकेकाकू हे ऐकायची आणि हातातलं धुणं पिळत राहायची. "चार चार वेळा मरायला बाईमाणसाला सवड कुठली?" एवढंच म्हणायची.

टाकेकाकू राहायची इस्पितळाच्या भिंतीला लागूनच. दोन खोल्या, पुढं दोरी बांधायला जागा आणि घरात दोन म्हाताऱ्या: एक ती, एक तिची थोरली जाऊ. दोघींचे नवरे केव्हाच गेले, पोरं आपापल्या संसाराला लागली, आणि ह्या दोघी उरल्या एकमेकींच्या चुका काढायला. काकूचं वय चौऱ्याहत्तर. अजून लोकांचे कपडे धुवायची, उसवलेलं शिवून द्यायची. टाका असा बारीक की शोधायला चष्मा लागावा. त्यावरूनच नाव पडलं टाकेकाकू.

त्या इस्पितळात तिनं अठ्ठावीस वर्षं धुलाईघर सांभाळलं. तिच्याआधी तिच्या सासूनं. थोरल्या जावेनं मात्र लग्नानंतर आठच दिवसांत सांगून टाकलं होतं, "वेड्यांचे कपडे मी धुणार नाही." ती कधी त्या फाटकातून आत गेली नाही, आणि तिथल्या भुतांबद्दल सगळ्यात जास्त तीच सांगायची.

इस्पितळ होतं बायकांचं. पाटीवर मनाच्या आजारांचं असं लिहिलेलं, आणि आत साठ खाटा. पण त्या साठांतल्या खरोखर आजारी किती, हे काकूला विचारावं. एक होती, तिला नुसतं ऐकू येत नव्हतं. एक फार रडते म्हणून आणून सोडलेली. तिचं तान्हं मूल गेलं होतं, रडेल नाही तर काय करेल? एकीच्या दिरांना तिच्या वाट्याची जमीन हवी होती. आणलं की कागदावर नातेवाइकाची सही व्हायची, फाटक लागायचं, आणि त्या दिवसापासून बाईचं नाव संपायचं. राहायचा तो खाटेचा नंबर. "ए नऊ, उठ." "ए एकतीस, जेव." आतल्या बायकाही हळूहळू नंबराला ओ द्यायच्या.

फक्त धुलाईघरात हा नियम चालत नव्हता, कारण तिथं काकूच्या सासूचा नियम होता.

नवी बाई आली की तिला राखाडी झगा मिळायचा. झग्याच्या मानेपाशी आतून खाटेचा नंबर टाक्यांनी शिवायचा, म्हणजे धुतल्यावर जिचा तिला जायचा. खाट रिकामी होऊन तिथं दुसरी बाई आली की नंबर तोच, पण दोऱ्याचा रंग बदलायचा. आधी लाल, मग निळा, मग हिरवा, मग काळा. असं केलं म्हणजे गेलेल्या बाईचा झगा चुकूनही नव्या बाईच्या अंगावर चढत नसे. आणि सासूचं म्हणणं असं, की माणसाच्या कपड्याला सुई लावायच्या आधी त्याचं नाव विचारायचं. "न विचारता टोचतो तो डास," ती म्हणायची. "आपण डास नाही."

साठ नंबर आणि त्यांचे रंग ध्यानात राहावेत म्हणून सासूनं एक चादर भिंतीला टांगली होती. चादरीवर साठ चौकोन. प्रत्येक चौकोनात नंबर, आणि त्याखाली आलेल्या प्रत्येक बाईसाठी तिच्या रंगाची एक ओळ. सासूला अक्षर येत नव्हतं, तिची सगळी नावं तोंडपाठ. काकू दुसरीपर्यंत शिकलेली. तिनं आल्यावर सासूला विचारून विचारून प्रत्येक ओळीपुढं त्या त्या रंगाच्या दोऱ्यानं नाव शिवलं, बापाच्या नावासकट. अक्षरं पेंगुळल्यासारखी एका बाजूला कललेली, पण वाचता येत. बाई बरी होऊन गेली तर ओळ तशीच ठेवायची. मेली तर नावापुढं एक फुली.

इस्पितळ बंद झालं त्याला सव्वीस वर्षं झाली. शेवटच्या दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांचे सह्या-अंगठे घेतले, की इस्पितळाची एकही वस्तू कुणी घरी नेलेली नाही. काकूनं सही केली, आणि त्या वेळी ती चादर तिच्या लुगड्याच्या आत पोटाला गुंडाळलेली होती. कोपऱ्यावर इस्पितळाचा निळा शिक्का. कायद्यानं बघितलं तर चोरीच.

म्हणून ती चादर सव्वीस वर्षं ट्रंकेच्या तळाशी होती. आणि जाऊबाईंना हे ठाऊक होतं, त्यामुळे सव्वीस वर्षं काकूला भांडणात एकदाही जिंकता आलं नव्हतं. आमटीत मीठ कमी पडो नाहीतर दार उघडं राहो, शेवट ठरलेला: "तू मला शिकवू नकोस, चादरचोर."

मग फाटकावर नोटीस लागली. पंधरा दिवसांत मागचं आवार सपाट होणार. इमारत पाडून तिथं नवं काही होणार होतं. दगडांखालचे सगळे अवशेष काढून एकाच खड्ड्यात ठेवणार. ज्याला पुराव्यासह नाव दाखवता येईल, त्याच्या माणसाला मात्र वेगळी जागा आणि नावाचा दगड मिळणार.

दोन दिवस उरले असताना, भर दुपारी एक माणूस काकूच्या दारात आला. पन्नाशी उलटलेला, बसचा ड्रायव्हर, अंगावर खाकी शर्ट. पाणी मागितलं. तांब्या हातात घेतला आणि प्यायचंच विसरला.

"फार लांबून आलात का?" काकूनं विचारलं.

"सकाळपासून मागं दगड शोधतोय," तो म्हणाला. "आई होती इथं. मी चार वर्षांचा होतो. वडील म्हणायचे, ती सोडून गेली. गेल्या वर्षी ते वारले तेव्हा त्यांच्या कागदांत इथला कागद सापडला. ऑफिसनं नंबर दिला तीनशे अठरा. तीनशे अठरा नंबरचा दगडच नाही. साठाच्या पुढं एकही दगड नाही. परवा ते सगळे एकत्र करणार. मला वेगळं काही नको हो. कुठं बसायचं, तेवढं कळलं असतं तर."

"त्र्याऐंशी दगड आहेत तिथं," जाऊबाई आतून म्हणाल्या. "संध्याकाळच्या आत निघा. बारा नंबरची उठते."

काकूनं पदरानं हात पुसले. "तीनशे अठरा हा ऑफिसच्या वहीतला नंबर," ती सावकाश म्हणाली. "दगडावर तो नसतोच. पुरणारा माणूस झग्याच्या मानेपाशी बघायचा आणि तोच नंबर दगडावर रंगवायचा. खाटेचा. आमचा." मग तिनं विचारलं, "आईचं नाव काय?"

त्यानं सांगितलं. बापाच्या नावासकट सांगितलं.

काकू खालीच बसली. मग उठली आणि ट्रंक ओढली.

"धाकटे!" जाऊबाई ओरडल्या. "परक्या माणसासमोर? तुरुंगात जाशील!"

"जाईन. तिथलंही धुणं कुणीतरी धुवायला हवंच."

चादर उघडली, तशी खोलीभर जुन्या साबणाचा वास पसरला. काकूचं बोट बाराच्या चौकोनावर आलं. लाल ओळ, फुली. निळी ओळ, फुली. हिरवी ओळ, फुली. काळी ओळ, फुली. शेवटी पांढरी ओळ, फुली नाही.

"हिरवी," काकू म्हणाली. "बारा नंबरची तिसरी. ही तुमची आई."

ड्रायव्हर वाकून बघत राहिला. हिरवं नाव वाचलं, परत वाचलं. नावाच्या खाली हिरव्या दोऱ्याचे छोटे उभे टाके होते. चार पूर्ण, पाचवा अर्धा.

"हे काय?"

"ती इस्त्रीला यायची माझ्याकडं. तुमच्या वाढदिवसाला म्हणायची, आज माझा पाच पूर्ण झाला, घाल एक टाका. मग सहा. मग सात. मग आठ. पुढचा घालायला घेतला आणि अर्ध्यावर..." काकूनं चादरीवरून हात फिरवला. "वेडी नव्हती हो ती. तुमच्या वडिलांना दुसरं लग्न करायचं होतं. ती मला म्हणाली होती, मुलगा येईल, त्याला सांग. मी त्रेचाळीस वर्षं वाट बघतेय. तुम्हीही अगदी निवांत आलात."

तो हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. जाऊबाईंनी न सांगता चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं फाटकातून आत शिरली. हो, तिघं. जाऊबाई म्हणाल्या, "तुला पकडून नेलं तर घरी सांगायला कुणीतरी हवं." पन्नास वर्षांत त्या पहिल्यांदा आत येत होत्या. काकूच्या दंडाला असं धरलं होतं की बोटं उमटली.

आत सगळं जिथल्या तिथंच कुजलं होतं. वॉर्डात लोखंडी खाटा गंजून एकमेकींना चिकटलेल्या. खिडक्यांना गज, आणि गजांतून आत वाढलेली वेल. एका दाराला आतून कडीच नव्हती, फक्त बाहेरून. त्या दाराच्या आतल्या बाजूला, माणसाच्या हाताच्या उंचीवर, रंग ओरबाडून निघालेला. जाऊबाईंनी तिथं बोट लावलं आणि पटकन मागं घेतलं. "हे भुताचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"माणसांचं," काकू म्हणाली. "इथं सगळं माणसांचंच केलेलं आहे."

बाराव्या खाटेच्या जुन्या जागेमागची भिंत अजून शेवाळानं हिरवी होती. काकू तिथं थांबली. "ह्या भिंतीपलीकडं पाण्याची टाकी. बारा महिने ओल. जी इथं निजायची तिच्या छातीत कफ व्हायचा. मी मोठ्या साहेबांना तीनदा सांगितलं. म्हणाले, तू कपडे धू. चौथी गेली तेव्हा मी आणि आया, दोघींनी मिळून खाट ओढत त्या कोरड्या कोपऱ्यात नेली. कुणाला विचारलं नाही. पाचवी, पांढऱ्या दोऱ्याची, दोन वर्षांनी बहिणीबरोबर आपल्या पायांनी घरी गेली."

"म्हणजे भूत..." जाऊबाई म्हणाल्या.

"भूत नाही, ओल."

मागच्या आवारात सरकारकडून आलेल्या नकाशेवाल्या बाई टेबल टाकून बसल्या होत्या. आवाराची सगळी जबाबदारी त्यांच्याकडं. वय पस्तिशीचं, नाकावर घसरता चष्मा, पुढं मोठा नकाशा, आणि नकाशावर प्रत्येक दगडाची खूण आणि नंबर. वाईट नव्हत्या, पण कागदाशिवाय काही मानायच्या नाहीत.

काकूनं चादर टेबलावर ठेवली आणि पहिलं वाक्य काढलं, "आधीच सांगते बाई, ही चोरीची आहे."

बाईंनी चष्मा वर केला. काकूनं सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "आजी, मला पटतंय असं वाटतंय. पण वाटून चालत नाही. ही चादर काल शिवलेली नाही हे मी वर कसं दाखवू? शिलाई तर कुणीही करेल."

"असे टाके कुणीही करेल?" जाऊबाई एकदम पुढं झाल्या. "करून दाखवा!" सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या काकूच्या बाजूनं भांडत होत्या. काकूनं चमकून बघितलं.

बाई हसल्या. त्यांनी पिशवीतून सात जुने कागद काढले. "हे डॉक्टरांच्या कपाटामागं अडकलेले सापडले. मृत्यूचे दाखले. खाट, साल, नाव. आमच्या ऑफिसशिवाय कुणी पाहिलेले नाहीत. मी खाट आणि साल सांगते, तुम्ही नाव सांगा."

ड्रायव्हरनं दोन्ही हात टेबलावर टेकले.

बाईंनी पहिली खाट सांगितली. काकूचं बोट चादरीवर फिरलं. "ते साल... ह्या जाऊबाईंची थोरली झाली ते. म्हणजे निळी." नाव सांगितलं. बरोबर. दुसरं बरोबर. तिसरं, चौथं. साल म्हटलं की काकू कुणाचं तरी बाळंतपण नाहीतर लग्न आठवायची, आणि बोट नेमक्या रंगावर जायचं. सहा झाली, सहाही बरोबर. बाईंचा चेहरा बदलत चालला होता.

"सातवं. खाट चाळीस."

काकूनं नाव सांगितलं.

"नाव बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. नकाशाकडं बघत त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण आजी, चाळीस नंबरचा दगडच नाही आवारात. मी स्वतः दोनदा मोजलेत. तुमच्या चादरीवर चाळीसला फुली आहे. मग ही बाई कुठं आहे? एक चुकलं तर वरचे म्हणतील, सगळंच चुकलं."

ड्रायव्हर नकाशावर वाकून चाळीस शोधू लागला.

काकूनं चादर जवळ ओढली. चाळीसच्या चौकोनात फुलीच्या टोकापासून एक काळा दोरा निघाला होता. बारीक धावदोरा, चौकोनांच्या रेघा ओलांडत चादरीच्या दुसऱ्या टोकाकडं जाणारा. काकू बोटानं त्याच्यामागं गेली. दोरा सत्तावीसच्या चौकोनात संपला होता.

"हं," ती म्हणाली. "बॉयलर फुटला होता तो आठवडा! आठ दिवस धुणंच नाही झालं. जो झगा कोरडा मिळेल तो कुणाच्याही अंगावर. चाळीसवाली गेली तेव्हा तिच्या अंगात सत्तावीसवालीचा झगा होता. पुरणाऱ्यानं मान बघितली आणि सत्तावीस रंगवला. मी धावत जाऊन सांगितलं. म्हणाला, रंग वाळलाय, आता कोण बघायला येतंय? मग मी धुलाईघरात येऊन हा दोरा घातला. कुणीतरी बघायला येईल म्हणून." तिनं मान वर केली. "तुमच्या नकाशात सत्तावीसचे दगड किती आहेत?"

बाई नकाशावर वाकल्या. बोट थांबलं. "दोन."

"आणि चादरीवर सत्तावीसमध्ये फुल्या किती?"

"एक," बाई म्हणाल्या. मग उभ्याच राहिल्या. "एकच! न सापडणारा चाळीस मला महिनाभर छळतोय. मला वाटलं, माझीच मोजणी चुकली." त्यांनी तो काळा दोरा नखानं हलकेच वर करून पाहिला. दोरा विटून तपकिरी झाला होता आणि त्याच्याखालचं कापड पांढरं राहिलं होतं. "हा काल घातलेला नाही."

मग त्या स्वतः फुल्या मोजायला बसल्या. ड्रायव्हर मोजत होता, जाऊबाई मोजत होत्या, आणि मधेच कुणी शिंकलं की सगळी परत पहिल्यापासून. फुल्या भरल्या त्र्याऐंशी. दगड त्र्याऐंशी.

बाराचे चार दगड नकाशावर होते दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि सातव्या रांगेत. रांगा पुरत गेल्या त्या क्रमानंच होत्या. लाल, निळा, हिरवा, काळा. तिसरा बारा म्हणजे पाचवी रांग, झाडापासून सहावा दगड.

ड्रायव्हर तिथं गेला. बूट काढले, शर्टाच्या बाह्या खाली करून बटणं लावली, आणि आईच्या शेजारी बसला. लांबून त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. हातांवरून मात्र कळत होतं की तो स्टिअरिंग कसं फिरवतो ते तिला दाखवतोय.

त्या दिवसापासून यंत्रं थांबली. बाईंनी चादरीचे फोटो काढून वर पाठवले, आणि बातमी पसरल्यावर लोक येऊ लागले. कुणाची मावशी, कुणाची आजी, कुणाची नुसतीच घरात कधी न उच्चारलेली कुणीतरी. काकू रोज टेबलापाशी बसायची. नाव विचारायची, बोट फिरवायची आणि सांगायची, "निळी. तिसरी रांग. फार छान गायची हो तुमची आत्या." ज्यांच्यासाठी कुणी आलं नाही त्यांचीही नावं दगडावर गेली. बाईंनी ते भांडून मिळवलं. एकाच खड्ड्यात कुणीही गेलं नाही.

चादर सरकारनं काचेत लावायला मागितली. काकू म्हणाली, देते, पण पावती हवी. बाईंनी शिक्का मारून लिहून दिलं: इस्पितळाची एक चादर परत मिळाली, तक्रार नाही. काकूनं ती पावती घरात आमटीच्या भांड्यावरच्या खुंटीला अडकवली, बरोबर जाऊबाईंच्या डोळ्यांसमोर.

नवे दगड बसले त्या सकाळी आवार माणसांनी भरलं होतं. त्र्याऐंशी नावं, बापांच्या नावांसकट, खोल कोरलेली. जाऊबाई अनोळखी लोकांना हाताला धरून आत नेत होत्या आणि सांगत होत्या, "भूतबीत काही नाही, ओल होती. आमच्या धाकटीनं तेव्हाच ओळखलं होतं. मी तिला नेहमी म्हणायची, चादर सांभाळ, चादर सांभाळ."

काढलेले जुने नंबरांचे दगड फाटकापाशी ढीग करून ठेवले होते. काकूनं त्यांतून एक बाराचा निवडला. चांगला रुंद, सपाट.

"हा मला हवा," तिनं नकाशेवाल्या बाईंना सांगितलं. "ह्याचीही पावती करा."

"काय करणार ह्याचं?"

"धुणं धुणार. आमचा जुना झिजलाय."

"अगं बाई, चालतं का असं?" जाऊबाईंनी विचारलं.

"माणसाचं नाव आता त्याच्या जागेवर आहे. हा नुसता नंबर."

ड्रायव्हरनं दगड उचलून नळाशी नेऊन टाकला आणि नीट बसवून दिला. काकूनं पदर खोचला, बादलीतून एक मोठी चादर काढली, पिळा दिला, दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि त्या बारावर अशी आपटली की आवाज इस्पितळाच्या भिंतीवर जाऊन परत आला.

"लालवालीचा एक," ती म्हणाली. "अजून तीन."